मैल, पौंड आणि फॅरनहाइट: अमेरिकेने मीटर का स्वीकारला नाही?

मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांचा पहिला आठवडा मापांशी झगडण्यात जातो. फोनवर तापमान 40 दिसतं, म्हणून सुती शर्टात बाहेर पडावं तर दारातच हुडहुडी भरते. ते 40 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपले साधारण साडेचार अंश. बासमतीची पिशवी 20 पौंडांची, म्हणजे नऊ किलोंची. दूध गॅलनात, म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित जास्त. रस्त्यावरच्या पाटीवर पुढचं गाव 12 असेल तर ते 12 मैल, म्हणजे एकोणीस किलोमीटर. दोन दिवस हे हिशेब केले की प्रश्न पडतोच: ज्या देशाने माणूस चंद्रावर उतरवला, त्याला किलो आणि मीटर का जमले नाहीत?

याची दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, अमेरिकन माणूस हट्टी आहे. दोन, मीटर फ्रेंचांचा म्हणून त्यांना नकोसा वाटतो. दोन्हींत थोडं तथ्य असलं, तरी त्यांनी कोडं सुटत नाही. अमेरिकेसमोर हा प्रश्न गेल्या सव्वादोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी बदलायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं गेलं. माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

मेट्रिक किंवा दशमान पद्धत म्हणजे अशी मापं, ज्यांत प्रत्येक पायरी दहाच्या पटीत असते. 10 मिलिमीटरचा सेंटीमीटर, 100 सेंटीमीटरचा मीटर, 1000 मीटरचा किलोमीटर. शिवाय लांबी, आकारमान आणि वजन एकमेकांत गुंफलेली असतात. दहा सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच डब्यात एक लिटर पाणी मावतं आणि ते जवळजवळ एक किलो भरतं.

अमेरिकेत रोज वापरतात त्यांना आपण रूढ मापं म्हणू. 12 इंचांचा फूट, 3 फुटांचा यार्ड (आपला ‘वार’), 1760 यार्डांचा मैल. 16 औंसांचा पौंड. पातळ पदार्थांचा औंस वेगळा आणि वजनाचा औंस वेगळा. ही मापं इंग्लंडमधून आली, पण आज ती ब्रिटिश मापांशीही पूर्ण जुळत नाहीत. ब्रिटनने 1824 मध्ये आपली मापं नव्याने बांधली आणि गॅलन मोठा केला. तोवर स्वतंत्र झालेली अमेरिका 231 घनइंचांच्या जुन्या वाइन-गॅलनलाच धरून राहिली. म्हणून ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरच्या वर भरतो आणि अमेरिकन गॅलन पावणेचारच्या आसपास.

जहाज, वादळ आणि तांब्याचं एक वजन

1790 मध्ये, म्हणजे फ्रान्समध्ये मीटर जन्मायच्या आधीच, थॉमस जेफरसन यांनी अमेरिकी काँग्रेसला मापांबद्दल अहवाल दिला होता. तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते. अहवालातला एक पर्याय थेट दशमान मापांचा होता. पायाभूत माप सेकंदाचा ठोका देणाऱ्या लंबकावर बेतायचं, म्हणजे कोणत्याही देशाला ते स्वतः तयार करता येईल, अशी त्यांची कल्पना. काँग्रेसने चर्चा केली आणि विषय बाजूला ठेवला. मात्र 1792 मध्ये नाण्यांचा कायदा झाला आणि डॉलरचे शंभर सेंट ठरले. म्हणजे पैशांत अमेरिका त्या काळात जगाच्या पुढे होती. ब्रिटनला शिलिंग-पेन्स सोडायला 1971 उजाडावं लागलं.

इथे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. 1794 मध्ये फ्रान्सने जोसेफ डोंबे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला अमेरिकेला धाडलं. त्याच्यासोबत नव्या मापांचे नमुने होते, त्यांत आजच्या किलोएवढं तांब्याचं एक वजनही होतं. वादळाने जहाज कॅरिबियन समुद्रात भरकटलं, पुढे ब्रिटिशांचा परवाना असलेल्या लुटारूंनी डोंबेला पकडलं, आणि माँटसेराट बेटावर कैदेतच त्याचा अंत झाला. ‘समुद्री चाच्यांनी अमेरिकेचा किलो पळवला’ असं या कथेचं रूप फिरत असतं. गोष्ट हृदयद्रावक आहे, पण तिच्यावर एवढा भार टाकू नये. डोंबे सुखरूप पोहोचला असता तरी मापं बदलायची की नाही हे काँग्रेसलाच ठरवायचं होतं, आणि तिला घाई नव्हती.

फ्रान्सला गरज होती, अमेरिकेला नव्हती

क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये प्रत्येक परगण्याचं माप वेगळं होतं. एकाच नावाचं माप या गावात लहान, पलीकडच्या गावात मोठं. धान्याचं माप बहुधा जमीनदाराच्या ताब्यात, आणि त्याचा खंड त्याच मापाने मोजायचा. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडेही शेर, पायली आणि मण गावोगावी बदलायचे, आणि अडत्याच्या दारात शेतकऱ्याचं नुकसान त्यातूनच व्हायचं. ‘सगळीकडे एकच माप’ ही फ्रान्समध्ये रयतेची मागणी होती, आणि 1795 च्या कायद्याने मीटर आणि ग्रॅम आले ते त्या मागणीवर. तरीही तिथे घडी लगेच बसली नाही. नेपोलियनने 1812 मध्ये जुन्या नावांची मापं पुन्हा चालू दिली, आणि 1840 पासून मेट्रिक खऱ्या अर्थाने सक्तीची झाली.

अमेरिकेत हे दुखणंच नव्हतं. तेरा वसाहती मुळात इंग्रजी मापांवर वाढलेल्या. बॉस्टनचा फूट आणि फिलाडेल्फियाचा फूट यांत व्यापार अडेल इतका फरक नव्हता, आणि मुख्य गिऱ्हाईक ब्रिटन तीच मापं वापरत होता. जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी अनेक वर्षं अभ्यास करून 1821 मध्ये अहवाल दिला; तेव्हा तेही परराष्ट्रमंत्री होते. त्यात मेट्रिकची मनापासून स्तुती आहे आणि शिफारस मात्र आहे ते ठेवण्याची. त्या साली फ्रान्स स्वतःच जुन्या नावांकडे वळलेला होता. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर निर्णय चुकला असं मला म्हणवत नाही.

मेट्रिक देशादेशांत कशी शिरली ते पाहिलं की एक गोष्ट ठळक होते. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर, जर्मनीत अनेक राज्यं जोडून एक देश होताना, भारतात स्वातंत्र्यानंतर. सगळं घर उकलून पुन्हा बांधायला काढलं होतं, तेव्हाच मापंही बदलली. अमेरिकेचं तसं घर 1776 मध्ये उकललं गेलं. मीटर त्यानंतर एकोणीस वर्षांनी जन्मला.

जमीन आधीच मैलांत कापली गेली

विमानातून आयोवा किंवा कॅन्सस पाहिलं तर खाली बुद्धिबळाचा पट अंथरल्यासारखा दिसतो. सरळ रस्ते, काटकोनात छेदणारे, एकेका मैलाच्या अंतराने. हे 1785 च्या जमीन-मोजणी कायद्यातून आलं. पश्चिमेकडची जमीन विकण्यासाठी सरकारने सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन आखले. प्रत्येक चौकोनाचे 36 तुकडे, एकेक तुकडा एक चौरस मैल, म्हणजे 640 एकर. त्याचा अर्धा, पाव, पावाचा पाव असं करत शेतं विकली गेली. शेतकऱ्याचं खरेदीखत, गावाची हद्द, रस्ता, शाळेची जागा, सगळं या जाळ्यावर बेतलेलं.

मोजणीचं हत्यार होतं 66 फुटांची साखळी. 80 साखळ्या म्हणजे एक मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. ही साखळी आपल्याला परकी नाही. तिची निम्मी लांबी 33 फूट, आणि 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे आपला गुंठा. एकराचे गुंठे चाळीस का, याचं उत्तर त्या साखळीत आहे. सातबाऱ्यावर आज हेक्टर आणि आर लिहिलेलं असतं, तरी बांधावर उभा राहून सौदा करणारा माणूस गुंठ्यांतच बोलतो. जमिनीवर एकदा कोरलेलं माप कागद बदलला म्हणून पुसलं जात नाही. अमेरिकेत तर अर्धा खंड असा कोरलेला आहे.

नट-बोल्टची गोष्ट

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या कारखान्यांनी एक मोठी मजल मारली. बंदूक, शिवणयंत्र, कुलूप अशा वस्तूंचे सुटे भाग इतके सारखे बनू लागले की एकाचा भाग दुसऱ्याला बसावा. त्याआधी प्रत्येक नट आपल्याच बोल्टला कानसून बसवावा लागे. 1864 मध्ये फिलाडेल्फियाचे यंत्रनिर्माते विल्यम सेलर्स यांनी स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण मांडलं. आट्यांचा कोन 60 अंश आणि एका इंचात किती आटे हे ठरलेलं. काही वर्षांतच नौदलाने ते उचललं, मग रेल्वे आणि कारखाने त्यावर आले.

ज्यांनी एमआयडीसीत एखादं वर्कशॉप जवळून पाहिलंय त्यांना याचं वजन लगेच कळेल. आटे पाडायचे टॅप आणि डाय, तपासणीचे गेज, लेथचा लीड स्क्रू, ड्रिलचे सेट, नकाशे, सुट्या भागांचा साठा आणि कारागिराच्या हाताची सवय, हे सगळं इंचात. इंच सोडायचा म्हणजे नुसती पट्टी बदलून भागत नाही, अख्खं कपाट रिकामं करावं लागतं. आणि जुनी यंत्रं तीसतीस वर्षं चालतात, त्यांच्या दुरुस्तीसाठी जुना संचही ठेवावाच लागतो.

म्हणून 1900 नंतर काँग्रेसमध्ये मेट्रिक सक्तीची विधेयकं आली, तेव्हा सर्वांत कडवा विरोध यंत्रकारखानदारांनी केला. शास्त्रज्ञ बाजूने होते. खुद्द लॉर्ड केल्विन यांनी 1902 मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे मेट्रिकच्या बाजूने साक्ष दिली. पण कारखानदारांचा हिशेब सरळ होता. खर्च आमचा, आजचा आणि रोख. फायदा सगळ्यांचा, उद्याचा आणि थोडा थोडा. असा प्रश्न संसदेत गेला की ज्याच्या खिशाला झळ बसते तो दारात ठाण मांडून बसतो, आणि ज्याला किंचित फायदा होणार असतो तो घरीच राहतो. विधेयकं पडली.

या विरोधकांना आडमुठे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. देश दरसाल अधिकाधिक श्रीमंत होत होता आणि घरचीच बाजारपेठ इतकी मोठी होती की बाहेरच्यांशी जुळवून घ्यायची निकड नव्हती. त्याच कारणाने पुढे बदलणं अधिकाधिक महाग होत गेलं, हेही तितकंच खरं.

पण कायद्याने तर अमेरिका मेट्रिकच आहे ना?

हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. 1866 पासून अमेरिकेत मेट्रिक मापांचा वापर कायदेशीर आहे. 1875 मध्ये पॅरिसला मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्या पहिल्या 17 देशांत अमेरिका होती. करारानुसार तयार झालेला मीटरचा 27 क्रमांकाचा दांडा आणि किलोचा 20 क्रमांकाचा नमुना तिच्या वाट्याला आला. आणि 1893 मध्ये मापं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुख मेंडेनहॉल यांनी ठरवलं की यापुढे यार्ड आणि पौंड यांची व्याख्या मीटर आणि किलोवरूनच करायची.

1959 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी मिळून ही व्याख्या पक्की केली. एक इंच म्हणजे बरोबर 25.4 मिलिमीटर, एक पौंड म्हणजे बरोबर 0.45359237 किलो. म्हणजे आज अमेरिकेत स्वतंत्र असा फूट किंवा पौंड उरलेलाच नाही. पोशाख जुना आहे, हाडं मीटरची आहेत. ‘जगात अमेरिका, लायबेरिया आणि म्यानमार हे तीनच देश मेट्रिकबाहेर’ असा रंगवलेला नकाशा सारखा फिरतो. तो दिशाभूल करतो, कारण त्यात असे देश दोन स्वच्छ गटांत विभागल्यासारखे दिसतात.

1975 ची संधी

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटननेही मेट्रिककडे वळायचं ठरवलं. 1965 मध्ये तशी घोषणा झाली. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा 1970 मध्ये निघाले. जुन्या मापांचे सोबतीच निघून चालले, तशी अमेरिकाही जागी झाली. तीन वर्षांच्या अभ्यासानंतर 1971 मध्ये सरकारी अहवाल आला: दहा वर्षांत पद्धतशीरपणे बदला. डिसेंबर 1975 मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मेट्रिक कायद्यावर सही केली. शाळांत तक्ते लागले, मुलं लिटर-मीटर घोकू लागली.

पण अहवाल आणि कायदा यांच्या मधल्या वाटेत दोन गोष्टी गळाल्या. दहा वर्षांची मुदत गेली, आणि कायद्यात ‘स्वेच्छेने’ हा शब्द आला. सतरा सदस्यांचं एक मेट्रिक मंडळ नेमलं गेलं. ज्यांना बदलायचंय त्यांना मदत करायची, लोकांना माहिती द्यायची, एवढंच त्याचं काम. कुणाला ‘बदला’ म्हणायचा अधिकार त्याला नव्हता.

मापाच्या बाबतीत ‘ज्याची त्याची मर्जी’ का चालत नाही, हे रस्त्यावर बघावं. उद्यापासून ज्याला वाटेल त्याने उजवीकडून गाडी चालवावी, असा नियम केला तर काय होईल? शहाणा माणूस आहे त्याच बाजूने चालवेल, उजवी बाजू कितीही चांगली असली तरी. स्वीडनला डावीकडून उजवीकडे यायचं होतं तेव्हा त्यांनी एक दिवस ठरवला, 3 सप्टेंबर 1967, आणि त्या पहाटे अख्खा देश एकदम वळला. माप असंच असतं. सुताराने सेंटीमीटर घ्यावा तर लाकडाची वखार इंचात, वखारीने घ्यावा तर आरागिरणी इंचात. प्रत्येकाला दुसऱ्याने आधी बदलायला हवं असतं.

महामार्गांचं तेच झालं. केंद्रीय महामार्ग प्रशासनाने 1977 मध्ये पाट्या किलोमीटरमध्ये करायचा प्रस्ताव मांडला. हजारो पत्रं आली, बहुतेक विरोधाची, आणि प्रस्ताव गुंडाळला गेला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने निव्वळ मेट्रिक पाट्यांसाठी केंद्राचा पैसा वापरायला बंदी घातली. 1982 मध्ये रेगन सरकारने खर्चकपातीत ते मंडळही बरखास्त केलं. ऑस्ट्रेलियाने याच कामासाठी 1974 चा जुलै महिना ठरवला होता, आणि त्या एका महिन्यात देशभरच्या रस्त्यांवरच्या पाट्या बदलून टाकल्या.

1988 मध्ये आणखी एक प्रयत्न झाला. व्यापारविषयक कायद्यात मेट्रिकला ‘पसंतीची पद्धत’ म्हटलं गेलं आणि सरकारी खात्यांनी ती वापरावी असं ठरलं. अनेक राज्यांच्या बांधकाम खात्यांनी खरोखरच रस्त्यांचे नकाशे मीटरमध्ये काढायला घेतले. तेवढ्यात मुदत पुढे ढकलली गेली आणि 1998 च्या कायद्याने ती अटच ऐच्छिक झाली. ज्यांनी कष्टाने बदल केला होता ती राज्यंही मग हळूहळू फुटांवर परतली. या सगळ्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत खटकतो. जे पुढे आले, त्यांनाच दुप्पट भुर्दंड पडला.

मग आपण कसे बदललो?

आपल्याकडे तारीख होती. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 16 आणे जाऊन 100 नवे पैसे झाले. वजनमापांचा कायदा 1956 चा, अंमल ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने. आधी काही काळ जुनी आणि नवी वजनं शेजारीशेजारी चालली, मग जुनी वजनं ठेवणं हाच गुन्हा झाला. त्याला बळकटी देणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या. गावोगावच्या वेगळ्या मापांचा जाच सगळ्यांनाच ठाऊक होता. आणि 80 तोळ्यांचा प्रमाणित शेर 933 ग्रॅमचा, म्हणजे किलोचा धाकटा भाऊच. गिऱ्हाइकाच्या मनातला अंदाज फार हलला नाही. अमेरिकन गिऱ्हाइकाला पौंडावरून किलोवर जायचं म्हणजे दुपटीहून मोठी उडी मारावी लागते.

तरी आपलं घर नीट पाहावं. फ्लॅट स्क्वेअर फुटात, वाळू ब्रासमध्ये (100 घनफूट), प्लायवूड आठ बाय चार, सळई चार सूत, टीव्ही 43 इंची, साडी नऊवारी. सोनं ‘तोळ्यात’, फक्त तोळा आता दहा ग्रॅमचा झालाय. बाहेरचं ऊन 40 सेल्सियस आणि पोराचा ताप 101 फॅरनहाइट, एकाच घरात, एकाच दिवशी. वाण्याच्या तराजूवर निरीक्षकाची नजर होती तिथे किलो आला. जिथे ती पोहोचली नाही तिथे जुनं माप सुखाने नांदतंय. आपण आणि अमेरिकन माणसं स्वभावाने वेगळी नाही, हे मला यातून फार स्पष्ट दिसतं. ब्रिटनमध्येही आज रस्ते मैलांत आहेत आणि पबमध्ये बिअर पाइंटमध्ये मिळते.

‘आमची मापं जास्त सोयीची’ यात तथ्य आहे का?

थोडं आहे. 12 ला 2, 3, 4 आणि 6 ने भाग जातो, त्यामुळे फुटाचा तिसरा भाग बरोबर चार इंच येतो. मीटरचा तिसरा भाग 33.33 वर जाऊन अडतो. हातात करवत घेऊन उभ्या असलेल्या माणसाला अर्धा, पाव, अर्धपाव असं करत जाणं सोपं वाटतं. पण यंत्रकामात सूक्ष्म मापं आली की अमेरिकन कारागीरही अपूर्णांक सोडतो आणि इंचाचे हजार भाग करतो. आपल्या वर्कशॉपमध्ये त्यालाच ‘थाउ’ म्हणतात. ते दशमानच झालं.

फॅरनहाइटबद्दल म्हणतात की 0 म्हणजे कडाक्याची थंडी आणि 100 म्हणजे भाजणारं ऊन, म्हणून ते माणसाच्या मापाचं आहे. ज्याने लहानपणापासून तेच ऐकलं त्याला तसं वाटणारच. नागपूरच्या माणसाला ‘45’ ऐकून जे कळतं, ते समजून घ्यायला त्याला फॅरनहाइट लागत नाही. इथे खरं बळ सवयीचं आहे, आणि सवय ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. 20 किलोमीटर म्हटल्यावर वाट किती लांब आहे हे अंगाला कळतं. ते अंगातलं ज्ञान एका पिढीकडून काढून घेताना त्यांना काहीतरी गमावल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं.

नुकसान होत नाही का?

होतं. 23 सप्टेंबर 1999 ला ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झालं. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनच्या पृथ्वीवरच्या एका संगणक-प्रणालीने छोट्या इंजिनांच्या धक्क्यांचे आकडे पौंडांच्या एककात दिले. दिशा ठरवणाऱ्या नासाच्या चमूने ते मेट्रिक एककातले, म्हणजे न्यूटनमधले, समजून वापरले. दोन्हींत जवळजवळ साडेचारपट फरक. मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटर उंचीवरून जायचं यान 57 किलोमीटरपर्यंत खाली गेलं. त्याआधी 1983 मध्ये, कॅनडा मेट्रिककडे वळत असताना, एअर कॅनडाच्या एका विमानात 22,300 किलोंऐवजी जवळपास तेवढे पौंड इंधन धरलं गेलं. आकाशात दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत आणून गिम्ली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले.

दोन्ही प्रसंगांत दोष इंचाचाही नव्हता आणि किलोचाही नव्हता. एकाच घरात दोन मापं नांदत होती आणि मध्ये दुभाषा चुकला. अमेरिकेतले मेकॅनिक याची रोज किंमत मोजतात. मोटारी मेट्रिक झाल्या, जुनी यंत्रं इंचात राहिली, म्हणून पान्यांचे दोन संच बाळगावे लागतात. घराघरात त्याहून नाजूक गोष्ट आहे मुलांच्या पातळ औषधाची. चहाचा चमचा आणि जेवणाचा चमचा यांत तिप्पट फरक असतो. म्हणूनच तिथले बालरोगतज्ज्ञ आग्रह धरतात की डोस मिलिलिटरमध्येच लिहावा आणि मोजावा.

मेट्रिक शिरली ती अशी

औषधाच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये, डब्यावरची साखर-चरबी ग्रॅममध्ये, वाइनची बाटली 750 मिलिलिटरची, शीतपेयाची दोन लिटरची. विजेचे व्होल्ट आणि वॅट तर पहिल्यापासून मेट्रिकच. सैन्याचे नकाशे किलोमीटरमध्ये, कारण नाटोतल्या सोबत्यांशी बोलायचं असतं. मोटार कंपन्या 1970 च्या दशकापासून मिलिमीटरवर गेल्या, कारण एकाच गाडीचे भाग अनेक देशांत बनू लागले. 1990 च्या दशकापासून दुकानातल्या बहुतेक पाकिटांवर दोन्ही मापं छापणं बंधनकारक आहे.

ज्या धंद्याला बाहेरच्या जगाशी रोजचं काम पडलं, तो बदलला. घरबांधणी, शेतजमीन, स्वयंपाक, हवामान आणि रस्ता यांचा संबंध शेजाऱ्यापाजाऱ्यांशीच, तिथे जुनं राहिलं. घरांच्या लाकडी भिंतींतले उभे खांब आजही 16 इंचांवर लागतात, आणि प्लायवूडची चार फुटी फळी त्यांवर नेमकी बसते. तिथे 1200 मिलिमीटरची फळी आणली तर ती दोन सेंटीमीटर तोकडी पडून खांबापाशी अडते.

गंमत म्हणजे फुटाचंही अलीकडेच एक लग्न लागलं. 1959 नंतर अमेरिकेत दोन फूट शिल्लक होते, एक सगळ्यांचा आणि एक जमीनमोजणीचा. फरक दहा लाखांत दोन भागांचा, पण मोठ्या राज्याच्या नकाशावर तेवढ्याने रेषा काही फूट सरकायची. 2022 संपताना मोजणीचा फूट अधिकृतपणे निवृत्त झाला.

शंभर किलोमीटरचा एक रस्ता

अॅरिझोनात टुसान शहरापासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसपर्यंत जाणारा आंतरराज्य महामार्ग 19 साधारण शंभर किलोमीटर लांबीचा आहे. मेट्रिकचं वारं होतं त्या दिवसांत त्यावरच्या अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये लावल्या गेल्या, आणि त्या तशाच राहिल्या. वेगमर्यादा मात्र मैलांतच. बाहेर पडायच्या फाट्यांचे क्रमांकही किलोमीटरवरून ठरलेले आहेत.

पुढे राज्याच्या वाहतूक खात्याने ठरवलं की पाट्या जुन्या झाल्यात, बदलताना मैल लिहू. तेव्हा विरोधाला उभे राहिले ते याच रस्त्यावरचे दुकानदार आणि हॉटेलवाले. त्यांच्या जाहिरातींत, पत्रकांत, गिऱ्हाइकांच्या डोक्यात फाट्यांचे किलोमीटरचे क्रमांक बसले होते. क्रमांक बदलले तर खर्च आमचा आणि गिऱ्हाईक चुकणार आमचं, असं त्यांचं म्हणणं होतं. किलोमीटरच्या पाट्या तिथे राहिल्या.